काळ्या फोटोतली हवा

डॉ. मंदाकिनीबाई कुलथे यांची माझी पहिली भेट आष्टीच्या सहकारी रुग्णालयात, दुष्काळाच्या साली झाली. मी नवखा एक्स-रे तंत्रज्ञ. फिल्म धुवायला दूध संघाचा टँकर दोन बादल्या पाणी देई, म्हणून फिल्मपेक्षा मी पाणीच जास्त जपायचो. बाई मात्र प्रत्येक फोटो खिडकीच्या उजेडात धरून इतका वेळ पाहत राहत, की वाटे, त्या फोटोतच कुठेतरी चालत निघाल्या आहेत.

एकदा चारा छावणीवर स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाई सुनेबरोबर आल्या. सुनेच्या कडेवर तान्ही पोर. जन्मभर चुलीचा धूर, सदाचा खोकला. क्षयाची औषधं दोनदा झाली, गुण नव्हता. घरात शेवंताबाईंचा पेला वेगळा, तो रुग्णालयातही सोबत आणलेला, आणि नातीला हात लावायची बंदी.

फोटो काळाकुट्ट निघाला. मला वाटलं, किरण जास्त दिले गेले. अब्रू वाचवायला मी ते कमी करून दुसरा काढला आणि पहिला कपाटामागे सारला. दुसरा करडा, देखणा आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

बाईंनी तो पाहिला, शेवंताबाईंचा ओठ आवळून चाललेला श्वास पाहिला आणि शांतपणे मला विचारलं, "पहिला फोटो कुठे आहे?" फिल्म धुवायच्या ओल्या फ्रेमा दोन आहेत, हे त्यांना दिसलं होतं. मी शरमेनं तो काढून दिला. बराच वेळ तो उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हा काळेपणा तुमची चूक नाही. आत गेलेली हवा बाहेर पडत नाहीये."

छातीखालचा पडदा दबून सपाट झाला होता. क्षयाचा डाग नव्हता. थुंकीही स्वच्छ निघाली. श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावल्यावर निदान पक्कं झालं: धुरानं जडलेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा, पण संसर्गानं न पसरणारा जुनाट आजार. फोटो एकटा निदान करत नाही, पण चुकलेल्या वाटेवरून परत आणतो, असं बाई आम्हाला नेहमी सांगत. पुढे सीटी स्कॅन आलं, तरी त्यांचं हे सांगणं बदललं नाही.

शेवंताबाईंनी एवढंच विचारलं, "मंग म्या नातीला घिऊ का?"

बाईंनी त्यांचा तो वेगळा पेला मागून घेतला आणि त्यातलं पाणी सुनेदेखत दोन घोट प्यायल्या. "घ्या. फक्त चुलीपासून लांब."

सुनेनं पोर सासूच्या मांडीवर ठेवली. शेवंताबाई रडत होत्या, मीही.

माझ्या देखण्या फोटोवर बाईंनी विश्वास ठेवला असता, तर अडकलेली हवा दिसलीच नसती, क्षयाचा संशय तसाच राहिला असता आणि ती मांडी रिकामीच राहिली असती. पंचाहत्तरी गाठलेल्या आमच्या बाईंना उदंड आयुष्य आणि छातीभर मोकळा श्वास लाभो.