शेपटीची बिजागरी

गवत कापून केलेली एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर आणि हँगरला चिकटून दोन घरं. एका घरात वहिनी एकटी राहायची, दुसऱ्यात तिचा दीर आणि धाकटी जाऊ. दीर जुनी, दोन माणसांची विमानं आणायचा आणि पुन्हा उडती करायचा. वैमानिकाच्या हातापायांनी ढकललेलं पंखांच्या टोकापर्यंत आणि शेपटीपर्यंत नीट पोचतं की नाही, हे तपासायचं काम वहिनीचं. ते पोचवणाऱ्या तारेच्या दोरांवरून ती फडकं फिरवायची. एखादा धागा तुटलेला असला की फडकं अडायचं. फडक्याला सापडलं नाही तर तिच्या तळहाताला सापडायचं, रक्तासकट.

हे काम ती नवऱ्याकडून शिकली, मार खात. तार उलटी पिळली गेली की पान्याचा दांडा बोटांवर. एके दिवशी तिने तोच पाना हिसकावला आणि त्याचे पुढचे दोन दात पाडले. पुन्हा त्याने कधी हात उचलला नाही. उलट आल्यागेल्याला तोंड उघडून दाखवायचा, "बघा, माझी शिष्या!" पुढे तो तापाने गेला. त्याचा हातोडा तिच्या कमरेला आला, आणि बहुतेक त्याचा रागही तिच्याकडेच राहिला.

नापास केलेला भाग ती ऐरणीवर ठेवून चेचायची. "नुसता टाकला तर पाय फुटून परत येतो," असं तिचं म्हणणं. चेचताना अशा शिव्या द्यायची की दीर रेडिओचा आवाज वाढवायचा.

दीर काही वर्षं एकाच विमानात जीव ओतत होता. पंख खाली बसवलेलं, कापडाने मढवलेलं, लाल. त्याच्या शेपटीवरचा आडवा भाग वरखाली हलतो तेव्हा विमान चढतं आणि उतरतं. तो भाग ज्या बिजागऱ्यांवर झुलतो, त्यातल्या एकीवर वहिनीला चीर दिसली. केसाएवढी, पण आरपार जाऊ बघणारी. तिने बिजागरी काढून ऐरणीवर ठेवली. तेवढ्यात पलीकडे रंगाचा डबा कलंडला आणि ती तिकडे धावली. परत आली तर ऐरण रिकामी.

"मीच चेचून टाकली, वहिनी," दीर म्हणाला. "नवी घडवायला दिलीय."

तिने विश्वास ठेवला. भाऊजी तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

एका सकाळी ती घरात भांडी घासत होती, आणि बाहेर इंजिन सुरू झालं. ती तशीच ओल्या हातांनी धावली. लाल विमान चाकांखाली ठोकळे लावून उभं होतं. दीर आत बसला होता, जाऊ लांब उभी राहून हात हलवत होती. वहिनीला न दाखवता कुठलंही विमान आजवर हललं नव्हतं. वहिनी शेपटीकडे गेली. बिजागरीवर ताजा रंग. तिने चाकूच्या टोकाने तो खरवडला. दीर आतून विमान चालवायचा दांडा पुढेमागे करत होता आणि रंगाखालची ती जुनी चीर उघडत होती, मिटत होती.

"बंद करा!" ती ओरडली. इंजिनापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

मग तिने हातोडा काढला आणि शेपटीवर घातला. पहिल्या घावात कापड फाटलं, दुसऱ्यात आतली फासळी मोडली. दांड्याला हिसका बसला तसा दीर मागे वळला, आणि रागाच्या भरात इंजिन चालूच ठेवून खाली उडी मारून आला.

"वेडी झालीस का तू?" आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिला एकेरी हाक मारली. तिचे केस धरून त्याने तिचं डोकं विमानाच्या अंगावर आपटलं. एकदा, परत एकदा. लाल कापडावर तिचं रक्त उमटलं, पण दिसलं नाही.

"खोटारड्या, मरशील रे!" असं म्हणत तिने हातोडा त्याच्या गुडघ्यावर मारला. तो कोसळला. ती पंखावर चढली. आत हात घालून इंजिन बंद करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तो लंगडत पंखाच्या पुढून आला आणि त्याने तिचा घोटा पकडला. ती खाली घसरू लागली. तिने दुसऱ्या पायाने त्याच्या छातीत लाथ घातली.

तो मागे गेला. मागे इंजिनाचा पंखा फिरत होता.

आवाज फारसा झाला नाही. जावेची किंकाळी मात्र इंजिनावर चढून ऐकू आली. वहिनीने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि कमरेचा पट्टा काढून त्याच्या फाटलेल्या उजव्या हाताला कोपराखाली आवळला, हातोड्याचा दांडा घालून पिळला. "पीळ अजून," तो दात खात म्हणाला. "सैल आहे."

इस्पितळात मनगटापासून वर बराच हात कापावा लागला. बाहेर जावेने वहिनीच्या थोबाडीत मारली, मग दुसऱ्या गालावर. वहिनी भिंतीला टेकून मार घेत राहिली. पोलीस आले तेव्हा दीर म्हणाला, "पाय घसरला माझा." जावेने तोंड उघडलं तसं त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. वहिनीच्या कपाळाला टाके होते. ते कशाचे, हे कुणी विचारलं नाही.

तो घरी आल्यावर वहिनी भेटायला गेली.

"चीर ठाऊक होती मला," तो म्हणाला. "एक चक्कर मारायची होती फक्त. मग बदलणारच होतो. तुम्हाला सांगितलं असतं तर सोडलं असतं मला?"

"नाही."

"एक चक्कर टिकली असती की नाही? खरं सांगा."

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. "सांगता येत नाही, भाऊजी," ती म्हणाली.

"म्हणजे माझा हात 'सांगता येत नाही'वर गेला."

त्याने डाव्या हाताने कप उचलून तिच्यावर फेकला. ती जागची हलली नाही. कप कपाटावर फुटला. डाव्या हाताचा नेम अजून बसला नव्हता.

"अजून एक आहे तिकडे," ती म्हणाली.

त्याने तोही फेकला. हा तिच्या खांद्याला लागला. तिने खांदा चोळला, तुकडे गोळा केले आणि निघून गेली.

जाऊ आजतागायत तिच्याशी बोलत नाही. वहिनी रात्री उठून बसते, तेव्हा तिला चीर दिसत नाही, पायाखाली त्याची छाती जाणवते. शेपटी नव्याने मढवायला तिला पावसाळा पुरला. नवी बिजागरी तिने स्वतः घडवून घेतली. मग एक दिवस दीर न बोलावता हँगरमध्ये आला, पायरी नीट बघत आत चढून बसला आणि डाव्या हाताने दांडा मागे ओढला.

"वर!" शेपटीपासून वहिनी ओरडली.

त्याने दांडा पुढे ढकलला.

"खाली!"

"अडतंय का कुठे?" त्याने विचारलं.

"पुन्हा करा," ती म्हणाली.