वर्तुळातला र

उलटं वाचून सुलटं वागणारा माणूस उभ्या मुंबईत एकच होऊन गेला, आणि ते आमचे थोरले काका, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. प्लेग अजून मुंबईत यायचा होता, घोड्यांची ट्राम जोरात होती, आणि काका एका सरकारी छापखान्यात जुळारी होते. दिवसभर उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून त्यांच्या डोळ्यांना तशीच सवय लागली होती. गिरगावातून चालताना दुकानांच्या पाट्या ते उजवीकडून डावीकडे वाचत आणि काकूने वाढलेल्या ताटातल्या वाट्या आधी एका ओळीत आणल्याशिवाय घास घेत नसत. चूक मात्र त्यांना सुलटीही सोसत नसे. एकदा ऐन मंगलाष्टकांत ते नवरदेवाच्या वडिलांच्या कानाशी लागले. वडील घाबरले, काही विपरीत घडलं की काय. काका म्हणाले, "पत्रिकेत चिरंजीवमधल्या 'जी'ची वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं." त्या घराने पुढे आम्हाला मुंजीला बोलावलं नाही.

छापखान्यात नियम असा होता, की अक्षर चुकलं तर रविवारी बिनपगारी येऊन सबंध पान पुन्हा जुळवायचं, मग चूक मूळ कागदातलीच का असेना. काकांचा स्वतःचा एकही रविवार असा गेला नव्हता. पण बाकीच्यांच्या घरच्यांना रविवार म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. या लोकांची बाजू मांडायला दोन सभा उभ्या राहिल्या, एक गिरगावातल्या वकिलांची आणि एक परळच्या पुढाऱ्यांची. दोघींचं दुखणं एकच, पण गिरगावकरांना अर्जात 'विनंती' हवी होती आणि परळकरांना 'मागणी'. छापखान्याच्या साहेबाने निरोप धाडला, की अर्ज एकच घेईन, दोन आले तर दोन्ही टोपलीत. तरी तीन महिने भांडण मिटेना. दोन्ही सभांना आपापलं नाव पहिलं हवं होतं, आणि जुळाऱ्यांना आपलं नाव शेवटी हवं होतं, कारण पहिल्या नावाची नोकरी जाते हे सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी दोन्हीकडचे आमच्या खोलीवर आले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विनंतीत अक्षरं तीन, मागणीतही तीन. जागा सारखीच लागते, मग भांडता कशाला?" परळचे पुढारी तापले. "जुळारीबुवा, जागेचा नाय, मानाचा प्रश्न हाय." काका म्हणाले, "मग 'म्हणणे' घाला. तेही तीनच."

पुढचे चार रविवार काका एका मित्राच्या छापखान्यात बसून होते. खिळे चौकोनी, ते सरळ ओळीत बसायचे. काकांनी ते गोलात बसवले. मधे 'आमचे म्हणणे', आणि भोवती दोन्ही सभांची आणि झाडून सगळ्या जुळाऱ्यांची नावं, अशी की कुठूनही वाचायला लागावं आणि पहिलं कोण ते कळू नये. असं काम मुंबईत कोणी पाहिलं नव्हतं. साहेब म्हणे तो कागद बराच वेळ हातात फिरवत बसला होता.

पण गोल जुळवणारा हात कोणाचा, हे न कळण्याइतका साहेब खुळा नव्हता. तो जुळाऱ्यांच्या खोलीत सगळ्यांसमोर आला. त्याला मराठी चांगलं वाचता येई. "हे कोणी जुळवलं?" त्याने विचारलं. सगळे खाली मान घालून खिळे जुळवू लागले. काकाही जुळवतच होते, हे मला त्यांच्या सोबत्यांनी शपथेवर सांगितलं आहे. मग साहेब म्हणाला, "काम चांगलं आहे. पण एक अक्षर गळलं आहे. चूक आहे." झालं. काका उठून उभे राहिले. "चूक नाही, साहेब. वर्तुळ मिटायला एका अक्षराची जागा कमी पडत होती. दुसऱ्याचं नाव तोडणं बरं नव्हे, म्हणून माझ्या आडनावातला र मी जाणूनबुजून काढला."

त्याच दिवशी काकांची नोकरी गेली, आणि महिन्याभरात रविवारचा नियमही गेला. दोन्ही सभांनी 'आमचा माणूस' म्हणून त्यांना एकाच संध्याकाळी मानपत्रं दिली. काकांनी दोन्ही तपासली, चुकांवर खुणा केल्या आणि शुद्ध करून आणा म्हणून परत पाठवली. ती पुन्हा आली नाहीत. उरलेली वर्षं त्यांनी त्या मित्राकडे लग्नपत्रिका जुळवण्यात काढली. रविवारी गॅलरीत बसून खाली मुलांना घेऊन चौपाटीकडे निघालेले जुने सोबती ते बघत. त्यातले काही वर बघून हात करीत, काही करीत नसत. मी एकदा विचारलं, "काका, वाईट वाटतं का हो?" ते म्हणाले, "अरे, आणखी थोडी खटपट केली असती तर र बसला असता. तेवढं राहून गेलं."

तो कागद आता माझ्याकडे आहे. आमचं आडनाव तिथे अजून क वरच थांबलेलं आहे. सही करताना मी शेवटचा र जरा सावकाश आणि ठसठशीत काढतो. बँकेतला कारकून त्याला हसतो. त्याला हसू दे.