वन्संची कवळी

दातवाल्या काकूंना कुणी "मनात ठेवू नका" म्हटलं की त्यांना हसू यायचं. मनात नाही ठेवायचं तर काय फडताळात ठेवायचं? राग नीट मुरू द्यावा, असं त्यांचं मत होतं. कच्च्या रागाने नुसतंच पोट बिघडतं. आणि त्यांच्याकडे मुरत घातलेले राग बरेच होते.

काकू कवळ्या करायच्या. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवायचे. काकू त्यावर मेणात दात रोवायच्या, डॉक्टरांनी एकदा पेशंटला घालून बघितले की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकचा मसाला भरायच्या, उकळायच्या, घासायच्या. घराच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलाला छोटी मोटर, मोटरीला चाक, आणि खोलीभर त्या मसाल्याचा डोक्यात जाणारा वास. गावातली निम्मी म्हातारी माणसं काकूंच्या दातांनी हसायची आणि त्याच दातांनी सुनांवर खेकसायची. बाहेर पाटी मात्र नव्हती. कवळी आपणच करतो असं लोकांना वाटलेलं डॉक्टरांना बरं असायचं, आणि काकूंना घरी बसून काम मिळाल्याशी मतलब.

सगळ्या रागांत जुना आणि जिवापाड जपलेला राग वन्संवर होता. वन्सं म्हणजे काकूंची थोरली नणंद. बाई सडसडीत, नाक तरतरीत आणि तोंडाचा पट्टा असा की एकदा सुरू झाला की समोरच्याने खुर्ची बघून घ्यावी. काकूंचा नवरा त्यांचा एकुलता एक धाकटा भाऊ. तो बस चालवायचा. फुप्फुसांनी दगा दिला आणि तो वर्षभर अंथरुणाला खिळला, तेव्हा वन्सं दर खेपेला नवा उपचार आणि नवं भांडण घेऊन यायच्या. आणि ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी मात्र फिरकल्या नाहीत. सख्खी बहीण असून शेवटचं तोंड बघायला आली नाही, हे काकूंनी भेटेल त्याला सांगितलं. चार वर्षं झाली, तरी अजून सांगत होत्या.

त्या आजारपणात नातेवाईक यायचे ते सल्ले घेऊन. कामाला आली ती परकी माणसं. इंजेक्शन द्यायला एक निवृत्त नर्सबाई यायच्या. त्यांच्याबरोबर आणखी कुणी कुणी येऊ लागलं. कुणी भांडी घासली, कुणी रात्री उशाशी बसलं. ही सगळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत आठवड्यातून एकदा जमणारी दहा-बारा माणसं. देवाचं नाव घ्यायची, थोडा वेळ गप्प बसायची आणि मग कुणाच्या घरी नड असेल तिथे निघायची. गुरू नाही, गादी नाही, भिंतीवर फोटो नाही. नवरा गेल्यावर काकूही त्या खोलीत जाऊ लागल्या, आणि राहिल्या.

त्या माणसांची एकच रीत जगावेगळी होती. त्यांच्यावर कुणी आरोप केला की ते लगेच उत्तर देत नसत. आधी सगळ्यांनी बसून त्यातलं खरं काय ते शोधायचं, मगच तोंड उघडायचं. याला ते 'खरं वेचणं' म्हणत. काकूंना हा निव्वळ बावळटपणा वाटे. समोरचा चिखल फेकतोय आणि आपण त्यात मोती शोधत बसायचं!

आणि चिखल फेकण्यात वन्संचा हात कुणी धरला नसता. "तो पंथ आहे, पंथ! बाईला भूल घातलीय. सख्ख्यांना भेटू देत नाहीत, रडायचं कधी तेसुद्धा तेच ठरवतात," असं त्यांनी गावभर केलं. सायकलवाल्याकडे गिऱ्हाइकं कुजबुजायला लागली. इथपर्यंत काकूंनी सोसलं असतं. पण वन्संनी ते काकूंच्या लेकीच्या कानात घातलं, आणि लेकीला नुकतीच मुलगी झाली होती.

लेकीचा फोन आला. "आई, याला कल्ट म्हणतात. मी वाचलंय सगळं. तू ती खोली सोड, मग बाळाला भेट. तोवर नको."

"माझ्या नातीला मी भेटायचं नाही?"

"आत्या म्हणते ते मला पटतं, आई. बाबांच्या वेळी काय झालं ते तिला माहीत आहे."

काकूंनी फोन ठेवला आणि पुढची कवळी इतकी घासली की ती पुन्हा करावी लागली. नात दोन महिन्यांची होत आली होती आणि त्यांनी तिला पाहिलं होतं ते फोनच्या काचेत, नखाएवढी. आजीने काचेवरून बोट फिरवावं आणि फोटोच सरकून जावा! वन्संना याची भरपाई करायला लावीन, असं त्यांनी त्या दिवशी स्वतःशी ठरवलं. देवाला सांगितलं नाही. देव नाही म्हणाला असता.

मग तो साचा आला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एका नव्या डॉक्टरने दवाखाना थाटला होता. त्याचंही काम काकूंकडेच येई. साच्यावर नाव नसायचं, नुसता आकडा. वरची हिरडी पूर्ण रिकामी, खाली स्वतःचे दात. काकूंनी खालचा साचा उजेडात धरला आणि त्यांचा हात थांबला. डावा सुळा वाकडा, शेजारच्या दाताला खांदा मारून पुढे घुसलेला. त्या सुळ्यासमोर बसून त्यांनी निम्मं आयुष्य बोलणी खाल्ली होती. नाव कशाला हवं? माणूस भावजयीची सावली टाळायला गाव ओलांडून जातो आणि दात शेवटी भावजयीच्याच टेबलावर येऊन पडतात.

"या वन्सं," काकू प्लास्टरला म्हणाल्या. "बसा."

दात त्यांनी सुरेख लावले. डॉक्टरांनी मेणातली कवळी वन्संना घालून पाहिली, पसंत करून परत पाठवली. आणि मग, मसाला भरायच्या आधी, काकूंनी पातळ सुरीने पुढच्या दातांच्या मागे, टाळूकडच्या बाजूला, मेणात एक अरुंद खाच काढली. इतकी बारीक की जिभेला कळावी, डोळ्यांना नाही. त्या खाचेतून हवा निसटते. चावताना त्रास नाही, हसताना त्रास नाही. फक्त 'स' म्हटलं की शिट्टी, आणि 'श' म्हटलं की त्याहून मोठी.

बातमी यायला वेळ लागला नाही. वन्सं बाजारात कुणाशी तरी 'सत्यानाश' म्हणाल्या आणि पलीकडच्या दुकानदाराने आपल्याला कोण बोलावतंय म्हणून वळून बघितलं. बँकेच्या रांगेत "शिस्त नाही कुणाला" म्हणाल्या तर पुढची पोरं फिसकन हसली. काकूंना हे पोस्टमनने सांगितलं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कित्येक दिवसांत त्या इतक्या गाढ झोपल्या नव्हत्या. आणखी गोड गोष्ट पुढेच होती: लेकीच्या सासरची सगळी मंडळी बाळाला बघायला एकत्र जमणार होती, आणि तिथे वन्सं मिरवणार होत्या, शिट्ट्या वाजवत.

त्याच आठवड्यात खोलीत वन्संचा आरोप वेचायला घेतला. सायकलच्या ट्यूबचा वास जिन्याने वर येत होता. काकू तयारीने गेल्या होत्या. त्यांना उत्तर हवं होतं, खरमरीत, चारचौघांत. पण रीत म्हणजे रीत. एकाने सांगितलं, आपण बाहेरच्यांना कधी बोलावत नाही, हे खरं. दुसरीने सांगितलं, आपण स्वतःला थोडं चांगलं समजतो, हेही खरं. मग नर्सबाई काकूंकडे न बघता म्हणाल्या, "सख्ख्यांना भेटू देत नाहीत, हे खरं आहे. तुझी नणंद आली होती. तो गेला त्या दिवशी, दुपारी. तू आत होतीस. तू सांगितलं होतंस, कुणालाही आत सोडू नका. मी दारातच म्हटलं, सध्या शांत झोपलाय, आज नाही, उद्या सकाळी या. आणि तो संध्याकाळी गेला."



"चार वर्षं?" काकूंचा आवाज चिरकला. "चार वर्षं मी गावभर सांगत फिरले, ती आली नाही म्हणून. आणि तुम्ही ऐकत बसलात?"

"तू स्वतःला खात बसली असतीस, म्हणून."

"मी कुणाला खायचं ते माझं मी बघितलं असतं!"

काकू जिना उतरल्या त्या मागे न बघता. राग इतका आला होता की तो कुणावर काढावा हेच उमगेना. नर्सबाईंवर काढावा तर त्यांच्या हातांनी नवऱ्याची घाण उपसली होती. वन्संवर काढावा तर त्या बिचाऱ्या दारातून परत गेलेल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, 'कुणालाही' असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते काकूंना लख्ख आठवत होतं.

लेकीकडची मंडळी जमायच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या खोलीच्या दारात वन्सं उभ्या राहिल्या. तोंडावर रुमाल. नव्या डॉक्टरने वैतागून, जिथे बनली तिथेच दाखवा, म्हणून पत्ता दिला होता, आणि तो निघाला भावाच्याच घराचा. काकूंना बघताच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"म्हणजे तूच?"

"मीच. काढा."

वन्संनी पाठ फिरवून कवळी काढली आणि काकूंच्या तळहातावर ठेवली. वरचा ओठ आत गेला, गाल बसले आणि त्या तरतरीत नाकाखाली एक म्हातारं बोळकं उरलं. या घटकेची काकूंनी स्वप्नं पाहिली होती. त्यांना गंमत वाटायला हवी होती. थोडी वाटलीही, खोटं कशाला बोला?

"मुद्दाम केलंस," वन्सं म्हणाल्या. दातांविना शब्द मऊ, लिबलिबीत येत होते.

"हो, मुद्दाम. माझ्या नातीसाठी."

"आणि मी काय हौस म्हणून केलं?" वन्संनी टेबलाची कड धरली. "उन्हात उभी होते मी. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. माझ्या भावाचा खोकला मला दारातून ऐकवला तुम्ही लोकांनी, आणि दार लावलं. आणि वर तू सांगत फिरलीस, आली नाही म्हणून! सख्ख्या भावाच्या दारातून परत पाठवलं, हे मी गावाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

काकूंनी मोटर चालू केली. खाच खरवडून घेतली, मसाला कालवला, भरला, सुकू दिला, चाकावर गुळगुळीत केला. तेवढा वेळ दोघी एकमेकींकडे न बघता त्या वासात बसून राहिल्या. मग कवळी धुऊन काकूंनी पुढे केली.

"घाला. आता काहीतरी म्हणा. 'स' आणि 'श' यायला हवेत."

"काय म्हणू?"

"गावभर म्हणता तेच म्हणा. पाठ आहे तुम्हाला."

वन्संनी डोळ्याला डोळा भिडवला. "सगळे शहाणे त्या खोलीत बसतात," त्या एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "आणि सख्ख्या माणसांना सख्ख्यांपासून तोडतात."

शिट्टी वाजली नाही.

"यातलं तुमच्यापुरतं खरं आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही आला होतात हे मला परवा कळलं. पण कुणाला सोडू नका हे मीच सांगितलं होतं, आणि तुम्हालाच धरून सांगितलं होतं. खोलीला नावं ठेवू नका, मला ठेवा." त्यांचा आवाज चढला. "पण मग मला सांगा, माझी नात मला दाखवत नाही, माझी लेक माझ्यापासून तोडलीत. असं करणारा तो पंथ असेल, तर तुमचा पंथ कुठला, वन्सं?"

वन्संचे नवे दात एकमेकांवर घट्ट बसले. त्या उठल्या आणि निघून गेल्या.

मंडळी जमली, पांगली. काकूंना कुणी बोलावलं नाही. त्या दिवशी त्यांनी एकही दात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या दाराची कडी वाजली. काकूंनी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर वन्सं, आणि त्यांच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागे रस्त्यावर गाडी उभी होती. गाडीत लेक, काच खाली, तोंड इकडे.

"मी सांगितलं तिला," वन्सं म्हणाल्या. "सगळं. माझंही, तुझंही."

बाळाने झोपेत जांभई दिली. गुलाबी, रिकामी हिरडी, वर-खाली एकही दात नाही. त्याच्या श्वासाचा बारीक घरघर आवाज काकूंना तिथूनही ऐकू आला. त्यांचे हात आपोआप पुढे गेले.

वन्सं एक पाऊल मागे सरल्या.

"सध्या शांत झोपलीय," त्या म्हणाल्या. "आज नाही. उद्या सकाळी ये."

काकूंचे हात तसेच राहिले, उंबऱ्याच्या आत. वन्सं वळल्या आणि उन्हातून गाडीकडे चालू लागल्या. सगळे शब्द स्वच्छ उमटले होते. शिट्टी कुठेही नव्हती. काकूंनी कवळी चोख बसवली होती.