निकाल आणि हुरडा

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलेलं नाही. बाच्या नावानं एकदा तलाठ्याचा कागद आला होता, तो वाचून घ्यायलासुद्धा झरीच्या मास्तरांकडं जावं लागलं. तेव्हा लिहायचा अधिकार माणसाला कुठून मिळतो हे मला ठाऊक नाही. पण आमच्या मराठीच्या सरांनी कॉलेजच्या अंकासाठी विषय काढला, 'हिवाळ्यात परभणीत काय काय करावं', आणि म्हणाले, "तू लिही. तुला वेळ आहे."

वेळ होता हे खरं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा मी उन्हाळ्यात दिली होती. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. मोर्चा, बंद, पुन्हा मोर्चा. पावसाळ्यात लागायचा निकाल दिवाळी उलटली तरी लागला नव्हता. कॉलेजनं आम्हाला तात्पुरतं तिसऱ्या वर्षात बसवलं होतं. बाला मात्र तात्पुरतं असं काही कळत नाही. "पास झालास तर फुडं शीक. न्हाई तर घरी यायचं अन् मेंढरामागं चालायचं. माझे गुडघे लय दुखायलेत," एवढंच तो म्हणाला होता.

म्हणून हिवाळ्यात परभणीत करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे कॉलेजच्या फलकासमोर उभं राहणं. मी हे दिवसातून तीनदा करायचो.

दुसरी गोष्ट, ऊन खाणं. एसटी स्टँडच्या भिंतीला सकाळी सातलाच ऊन लागतं. तिथं दोन प्रकारचे लोक बसतात. एक मानवत-पाथरीच्या गाडीची वाट बघणारे आणि दुसरे कशाचीच वाट न बघणारे. मी दुसऱ्यांतला, पण गाडी आली की पहिल्यांसारखी पाटी वाचायचो, म्हणजे कुणी उठवत नाही. तिसरी गोष्ट, वाचनालय. तिथं पेन्शनवाले पेपर पांघरल्यासारखा धरून बसतात आणि आपल्या वाट्याला बाजारभावाचं पान येतं. चौथी गोष्ट दर्ग्याचा उरूस. तो भरायला अजून अवकाश होता, तरी मी दोनदा मैदान बघून आलो.

खोलीतला माझा सोबती नामांतराच्या प्रत्येक मोर्चात जायचा. मी निकालाचं रडगाणं लावलं की म्हणायचा, "तुजा निकाल आज ना उद्या लागंल. आमचा कवा लागायचा ते सांग." मग तो मोर्चाकडं निघायचा आणि मी फलकाकडं.

पाचवी गोष्ट हुरडा. ती माझ्यामुळंच बिघडली.

मराठीचे सर आणि परीक्षेचं काम बघणारे सर यांना रानात जाऊन हुरडा खायचा होता. मला म्हणाले, "तू रानातला आहेस, तूच सोय कर." सोमवारची गोष्ट. मी पत्ता सांगितला, "झरीच्या वाटेवर आमची मेंढरं बसलीत, तिथं या." आमच्यात पत्ता असाच सांगतात. सुगी झालेल्या रानात शेतकरी खतासाठी रात्री मेंढरं बसवून घेतो आणि त्या दिवसांत तेच आमचं घर असतं. फक्त ते घर दोन-तीन रात्रींनी उठतं, हे सरांना सांगायचं राहिलं. खरं म्हणजे स्वतःला सांगायचंही राहिलं.

रविवारी आम्ही तीन सायकलींवर गेलो. रान रिकामं.

"इथं तर काहीच नाही रे," मराठीचे सर म्हणाले.

"सर, होती."

"होती हे मान्य," परीक्षेचे सर खाली बघत म्हणाले. "पुरावा भरपूर आहे."

मी एक लेंडी फोडून बघितली. वाळलेली होती. म्हणजे उठून दोन-तीन दिवस तरी झाले. मग मी पुढं लेंड्या बघत आणि दोन प्राध्यापक मागं सायकली ढकलत, असे आम्ही बांधाबांधानं निघालो. एका रानात कापूस वेचणाऱ्या बाईनं हाक मारली, "काय हुडकायलाव वो?"

"मेंढ्या," मराठीचे सर म्हणाले.

"तुमी ढोराचे डाक्टर का?"

"नाही, प्राध्यापक."

"मंग तुमाला कशाला पायजेत मेंढरं?" ती म्हणाली. "परवाच गेली की पाथरीच्या रस्त्याच्या अंगाला."

बा आणि मेंढरं सापडेपर्यंत दुपार झाली. बानं शेजारच्या शेतकऱ्याला विचारून कणसं आणली, खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. "लय दमलाव मास्तर, बसा," म्हणाला आणि गरम कणसं तळहातावर चोळून सरांना देऊ लागला. दोन-तीन पसे झाल्यावर त्यानं जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

"मास्तर, पोराचा निकाल कवा लागायचा वो?"

"निकाल?" परीक्षेचे सर म्हणाले. "आला की. पंधरा दिवस झाले."

माझ्या हातातला हुरडा हातातच राहिला. "सर, फलकावर तर नव्हता."

"फलकाची काच फुटली ना गेल्या महिन्यातल्या बंदात. उघड्यावर लावला तर कुणीतरी फाडून नेणार. काच बसली की लावू म्हणून कपाटात ठेवलाय. तू विचारायचं होतंस."

विचारायचं! ऑफिसच्या दारात उभं राहून विचारता येतं, हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी माझा नंबर विचारला. मी सांगितला; मला तो झोपेतही येत होता. सर वर बघत चावत राहिले.

बा म्हणाला, "सांगा मास्तर, भ्यायचं काम न्हाई. नापास असंल तर उद्यापासनं त्यो चालंल. पास असंल तर मला आजून एक साल चालायचंय, तसं गुडघ्याला सांगून ठिवतो."

"इंग्रजीत बरोबर पस्तीस," सर म्हणाले. "म्हणून तर लक्षात राहिला. पास आहे."