वाकवून सरळ केलेला काटा

मळीचा आंबूस वास आला की मला सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यातली ती सकाळ आठवते. मी तिथे मेकॅनिक होतो. हंगामाआधी बॉयलरची पाण्याच्या दाबाने चाचणी होती. चाचणीत दाब नेहमीपेक्षा बराच चढवतात, म्हणून दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजखालचा कॉक, म्हणजे तोटी, आधी बंद करा, असं मी आमच्या इंजिनिअर साहेबांना दोनदा सांगितलं होतं. त्यांनी तो उघडाच ठेवला. काटा शेवटच्या खुंटीवर आदळून वाकला, गेजच्या आतली नळीही ताणली गेली आणि दाब उतरल्यावरही काटा शून्यावर येईना. साहेबांनी काच काढली, पकडीने काटा सरळ करून शून्यावर टेकवला आणि तोच गेज परत बसवायला सांगितला. "दिसतंय की बरोबर," ते मावा चघळत म्हणाले. मला शिसारी आली. बॉयलर पेटवणारे म्हातारे चाचा मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्यो आता खोटं सांगनार. मी आग टाकनार न्हाय." मीही पाना खाली ठेवला. तेव्हा साहेबांनी केबिनमधल्या कपाटातून कोरा गेज काढून आणला. तो तिथे महिनाभर पडून होता. खोकं माझ्या हातात देताना ते हसले. आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही, पण ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं.