आक्काचा बोलका कीबोर्ड

आमच्या घरात एक नियम आहे. आक्काजवळ काहीही ठेवायचं तर तोंडाने सांगून ठेवायचं. डाव्या हाताला पाणी आहे, पुढ्यात ताट आहे, भाजी उजवीकडे वाढली आहे. मधुमेहाने तिची नजर हळूहळू नेली. आता तिला खिडकीचा उजेड कळतो, समोरून कुणी गेलं तर सावली कळते, एवढंच. हा नियम तिने केलेला नाही, मीच मोठ्या तोऱ्यात केला. शिरवळच्या कारखान्यात देखभाल खात्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. तिथे भिंतीवर सूचना चिकटवायची जी सवय लागली ती निवृत्त होऊन कुंडलला परतल्यावरही सुटली नाही. घरात माणसं दोनच, मी आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असलेली ही बहीण. तरी सूचना चालूच.

आणि तो नियम मोडला तोही मीच. सकाळची वेळ, कानाला फोन, पलीकडे शेजारचा शेतकरी पाण्याच्या पाळीवरून तावातावाने बोलत होता. मी गुळाच्या चहाचा कप आक्काच्या कीबोर्डच्या उजव्या अंगाला ठेवला आणि बोलत बोलत अंगणात गेलो. परत आलो तेव्हा कप आडवा होता आणि आक्का पदराने कीबोर्ड पुसत होती.

"माझाच हात लागला रं," ती म्हणाली. "डोळं गेलं, आता हातबी गेलं म्हणायचं."

"असू दे," मी म्हणालो. मी कप ठेवल्याचं सांगितलं नव्हतं, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. उलट मोठ्या मनाने माफ केल्यासारखा चेहरा केला, तोही तिला दिसत नसताना.

आक्का एका सहकारी संस्थेत टायपिस्ट होती. आधी टाइपरायटर, मग संगणक आला, आणि त्याच्याबरोबर हा कीबोर्ड. पुढे संस्थेने जुने संगणक भंगारात काढले तेव्हा तिने साहेबांकडे एवढी एकच वस्तू मागितली. उचलायला दोन हात लागतात असा दणकट, पिवळट पडलेला, मधल्या कळांवरची अक्षरं केव्हाच झिजून गेलेली. अक्षरं नसल्याचं तिला दुःख नव्हतं. ती कळा बघत नाही, ऐकते. प्रत्येक कळ दाबली की आत टक्‌ असा स्वच्छ आवाज होतो. तो आवाज आला म्हणजे अक्षर उमटलं. वाक्य संपल्यावर संगणक ते वाचून दाखवतो खरा, पण वाक्य संपेपर्यंत तिला धीर द्यायला हा टक्‌च असतो.

तेवढ्यावर तिने नजर गेल्यानंतरही काम चालू ठेवलं होतं. पंचक्रोशीतली माणसं येऊन बसत. कुणी निवृत्त मास्तर आपल्या आठवणी सांगत, कुणाला सत्काराचं भाषण हवं असे, कुणाला वर्तमानपत्राला खरमरीत पत्र पाठवायचं असे. ते बोलत आणि आक्का टाइप करे. बोलणारा अडला की तिचे हातही कळांवर थांबत आणि ती त्याला म्हणे, "बोला की, मी हाय हितं." या कामात ती माझ्यापेक्षा तरुण दिसायची, हे मला थोडं खुपायचंही.

चहा आत गेल्यावर निम्म्या कळा दाबल्या की तिथेच बसून राहू लागल्या. मी लगेच सांगलीला जाऊन नवा कीबोर्ड आणला, पापडाएवढा पातळ. आक्काने तासभर खटपट केली आणि हात काढून घेतले.

"ह्यो मुका हाय," ती म्हणाली. "दाबलं का न्हाई दाबलं, ह्येच कळंना."

दुसऱ्या दिवशी आठवणी सांगायला आलेल्या मास्तरांना तिने दारातूनच परत पाठवलं. मग ती खुर्चीत बसून राहिली, हात मांडीवर, तळवे वर. आठवडाभर ते हात मी तसेच बघितले. मला ते बघवेना. ती परत टाइप करू शकली नाही तर त्याचं कारण मी आहे, हे घरात एकट्या मलाच माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं.

म्हणून मी शहाणपणा केला. आमच्याकडे काही अडलं की आधी तेल घालतात. फवारणीचा पंप अडला, तेल. दाराची बिजागरी कुरकुरली, तेल. शिलाई मशीनच्या तेलाची लांब नाकाची बाटली घेऊन मी प्रत्येक कळेत दोन दोन थेंब सोडले. आधी निम्म्या कळा अडत होत्या, संध्याकाळपर्यंत सगळ्या अडू लागल्या. गूळ आणि तेल मिळून आत काकवी झाली होती.

फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने मला उंब्रजच्या माणसाचं नाव सांगितलं. फौजेत सिग्नलमध्ये होता, म्हणे, टेलिप्रिंटर खोलून जोडायचा. आता हायवेच्या मागच्या अंगाला त्याचं दोन खोल्यांचं दुकान आहे, मिक्सर, मोटारीचे स्टार्टर, वजनकाटे असलं काहीबाही दुरुस्त करतो. कीबोर्ड खताच्या रिकाम्या पिशवीत घालून, कराडला एसटी बदलून मी तिथे पोचलो.

सत्तरीचा माणूस, पाठ ताठ, मिशा कातरलेल्या. त्याने कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि वजन बघूनच खूश झाला. मग एक कळ दाबली, बोट नाकाशी नेलं.

"गूळ," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तेल. आवं, ह्यात तेल कुणी घातलं?"

"मीच."

"काय करत हुता नोकरीत?"

"देखभाल खात्यात होतो."

त्याने कीबोर्ड माझ्या हातापासून लांब सरकवला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कीबोर्ड कुणाचा, तिला तो का हवा, हे मी सांगितलं. चहाचं विचारलं तेव्हा "चहा सांडला" एवढंच म्हणालो. आपल्याकडे चहा आपोआपच सांडतो, ते एक बरं आहे.

पुढचे चार दिवस मी रोज उंब्रजला गेलो. जायची गरज नव्हती, पण त्या माणसाचं काम बघायची मला चटक लागली. जमिनीवर त्याने फौजेतली तपकिरी घोंगडी अंथरली. सायकलीची तार वाकवून केलेल्या आकड्याने एकेका कळेवरची टोपी अलगद उपटली. टोपीखाली चौकोनी घर, घराला दोन बारीक कान. कान उचकटले की झाकण निघे, आणि आत तीन वस्तू: वरखाली होणारा दट्ट्या, स्प्रिंग आणि केसाएवढी पातळ पत्र्याची पट्टी. टक्‌ असा आवाज करते ती ही पट्टी. अशा एकशे एक कळा. प्रत्येकीचे भाग तो घोंगडीवर त्या त्या जागी मांडत गेला, फौजेत तपासणीला सामान मांडतात तसे. दुपारपर्यंत घोंगडीवर आख्खा कीबोर्ड उमटला, फक्त सुटा सुटा.

धुवायची वेळ आली तेव्हा मी सुचवलं, सगळ्या स्प्रिंगा एका वाटीत टाकू, काम लवकर उरकेल. सगळ्या सारख्याच तर आहेत.

"न्हाईत सारख्या," तो म्हणाला. त्याने दोन स्प्रिंगा उचलून माझ्या तळव्यावर ठेवल्या. "ही मधल्या बोटाखालची, दमलीया. ही करंगळीखालची, अजून ताठ हाय. बाईंचा हात ह्यांच्या सवयीचा झालाय. अदलाबदल केली तर कीबोर्ड चालंल, पर त्यो त्यांचा ऱ्हाणार न्हाई."

मला तळव्यावर काही फरक कळला नाही. पण आयुष्यभर यंत्रं सांभाळून एक गोष्ट मी कधी केली नव्हती, ती हा माणूस करत होता. मी यंत्र सुरू झालं की सही करून मोकळा व्हायचो. तो यंत्रामागचा हात शोधत होता, आणि तोही न बघितलेला. मला त्याचा हेवा वाटला आणि लाजही वाटली. त्यानंतर मी गप्प बसून टोप्या साबणाच्या पाण्यात धुतल्या. तेवढंच काम त्याने माझ्यावर सोपवलं होतं.

एकेक भाग त्याने स्पिरिटने पुसला, सावलीत वाळवला, परत त्याच घरात बसवला. तिसऱ्या दिवशी एक पट्टी मोडलेली निघाली, नेमकी कान्याच्या कळेची. मराठी टाइप करणाऱ्याला काना नसेल तर काय उरलं? मी घाबरलो. त्याने मात्र वरच्या कोपऱ्यातली, कुणी कधी दाबत नाही अशी एक कळ शोधली, तिची पट्टी काढून कान्याला दिली आणि कोपऱ्यातली कळ मुकी ठेवली. मग ती पट्टी चिमट्याने कणभर वाकवायची, बसवायची, दाबून कान लावायचा, परत काढायची, असं किती वेळा केलं ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी मलाही ती इतर कळांसारखीच ऐकू येऊ लागली.

चौथ्या दिवशी कीबोर्ड जोडून तयार झाला. मी पिशवी पुढे केली.

"असा न्हाई न्यायचा," तो म्हणाला. "बाईंना घिऊन या. पास का नापास, त्या सांगतील."

"मी बघतो की दाबून."

"तुमची बोटं काय सांगणार?"

म्हणून दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एकाच्या जीपने आक्काला घेऊन आलो. त्याने तिला खुर्ची दिली, कीबोर्ड दुकानातल्या संगणकाला जोडला, आणि तिच्यासमोर ठेवताना म्हणाला, "बाई, तुमच्या पुढ्यात कीबोर्ड ठिवलाय. डाव्या अंगाला भिंत हाय, उजवीकडं काय न्हाई." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली बघितलं.

आक्काने आधी दोन्ही तळवे नुसते कळांवर ठेवले. मग बोटं चालू लागली. आठवडा दोन आठवडे मांडीवर पडून राहिलेले हात, पण अडखळले नाहीत. दुकानात टक्‌टक्‌ सुरू झाली. मधेच ती थांबली. एकच कळ परत दोनदा दाबली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली.

कान्याची कळ होती. तो माणूस उठून उभाच राहिला, एखाद्या साहेबासमोर राहावं तसा.

"वळखली तुमी. पट्टी मोडली हुती, दुसरीची घातलीया. लय परयत्न क्येला जुळवायचा. अजून बघतो."

"नगं," आक्का म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. ती तुमची म्हणून ठिवते."

तो हसला, तेव्हा पहिल्यांदाच मला त्याचे दात दिसले. तो म्हणाला, "आता एक आख्खी वळ टाइप करा बघू, कायबी." आक्काने क्षणभर विचार केला आणि एका दमात टाइप केलं. त्यात कान्याचा वेगळा टक्‌ मधे मधे येत होता. दुकानातल्या संगणकाला वाचून दाखवता येत नव्हतं, आणि त्याचा चष्मा आत होता. "वाचा की तुमी," तो मला म्हणाला.

मी पुढे झालो आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पडद्यावर लिहिलं होतं: चहा ठेवताना सांगत जा.

तो माणूस एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघून स्टार्टरची पेटी आवरायला आत गेला. तिथे आवरण्यासारखं काही नव्हतं.

"आक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मी कप ठेवल्याचं सांगितलं नव्हतं."

"ठावं हाय की."

"मग माझाच हात लागला, असं का म्हणालीस?"

तिची बोटं अजून कळांवरच होती.

"तू कवा सांगतुयास, वाट बघत हुते," ती म्हणाली.