वाटणीत उपटलेला पेनड्राइव्ह

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन. एक सूनबाई, एक लेक. माझा हक्क फक्त पुसायचा. धूळ बसली की गमछ्याने पुसायचो आणि पाहुणे आले की "हा आमचा कॉम्प्युटर" म्हणून दाखवायचो. चालू कसा करतात असं कोणी विचारलं की मला लगेच तहान लागायची.

सूनबाई त्याच्यावर ब्लाउजच्या भरतकामाची डिझाइनं काढते. शहाद्यात एकाकडे भरतकामाचं मशीन आहे, तो ती घेतो. त्या दिवसांत तिने एका नवरीच्या ब्लाउजसाठी मोर काढला होता. स्वयंपाक-धुणं सांभाळून, रोज थोडा थोडा. पिसारा पुरा झाला होता, फक्त मशीनवाल्याकडे जायचा बाकी होता.

लेक लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. सूनबाईचं काम चालतं विंडोजवर आणि लेकीला अभ्यासाला पाहिजे लिनक्स. दोन्ही कॉम्प्युटर चालवणारे कारभारीच, पण वेगवेगळे. ती म्हणाली, एकाच कॉम्प्युटरात दोन्ही बसतात, आतली जागा तेवढी वाटून द्यायची. मग चालू करताना तो विचारतो, कोणाकडे जायचं.

वाटणीचं नाव ऐकलं आणि मी खाटेवरून उठलोच. कॉम्प्युटर मला कळत नाही, पण वाटणी? भावकीतल्या किती वाटण्यांत मी पंच म्हणून बसलोय. खुर्ची ओढून दोघींच्या मधे बसलो. आमच्याकडे रीत अशी की मोठ्याने हिस्से पाडायचे आणि धाकट्याने आधी निवडायचं. म्हणून सूनबाईला म्हटलं तू पाड, लेकीला म्हटलं तू निवड. लेक म्हणाली, निवडायचं काही नाही, वहिनी एका बाजूला आधीच बसलीय, मला उरलेल्यातलं घ्यायचंय. मी म्हटलं, पंचाची हरकत आहे. हरकत कोणी मनावर घेतली नाही.

मग लेक म्हणाली, आधी वहिनीची डिझाइनं फोनमध्ये घेऊन ठेवते, वाटताना काही बिघडलं तर जायला नकोत. इथे मी तोंड घातलं. वाटणी झाली तरी उभं पीक पेरणाऱ्याचंच राहतं, म्हटलं. बांध घालायच्या आधी कोणी कपाशी उपटून घरात आणून ठेवतं का? सूनबाई हसली, म्हणाली राहू द्या मग. सासऱ्याच्या शब्दाला मान दिला बिचारीने.

लिनक्स घालायला पेनड्राइव्ह लागतो. तो लेकीने माझ्या ट्रॅक्टरचा घेतला होता, गाण्यांचा. गाणी काढून त्यात लिनक्स भरलं. मला सांगितलंही होतं, पण मी तेव्हा जेवत होतो आणि जेवताना माझे कान बंद असतात. तिने काम लावून दिलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. कोणी हात लावू नका, असं बजावून दोघी मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेल्या.

मला केळीत जायचं होतं. ट्रॅक्टर चालू केला तर टेप मुका. गाण्याशिवाय माझा ट्रॅक्टर चालत नाही, गिअरसुद्धा ठेक्यावर पडतो. घरात आलो तर माझा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लटकलेला. आता कॉम्प्युटरला हात लावायचा नव्हता. म्हणून मी कॉम्प्युटरला धक्का न लावता फक्त पेनड्राइव्ह धरला आणि ओढला.

ट्रॅक्टरला लावला, एक गाणं वाजेना. टेपला चापट्या मारत मारत निघालो. गावाबाहेर पोचलो नाही तोच लेकीचा फोन.

"आबा, पेनड्राइव्ह कोनी काढा?"

"मी काढा. मन्हाच शे ना तो." माझाच पेनड्राइव्ह, मग विचारायचं कोणाला?

मागून बायकोचा आवाज आला, "त्यासले म्हन, आधी घर या."

ट्रॅक्टर तिथूनच वळवला. घरी पाहतो तर पट्टी अर्ध्यावर अडकलेली, आणि सूनबाई तिच्याकडे बघत उभी, हातात ओला टॉवेल तसाच. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. लेकीने बटन दाबून कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, आकडे चढायला लागले. लेक म्हणाली, विंडोज आपलं घर तपासतंय, काय पडलं, काय राहिलं. मी विचारलं, आणि मोर? ती म्हणाली, उघडल्यावर कळेल.

बायको माझ्याकडे वळली. "काय पंच, उभं पीक कोठे शे?"

पंचाने गमछ्याने खुर्ची पुसायला घेतली.

आकडे संपले, विंडोज उघडलं. सूनबाईने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि खुर्चीत बसली. फाइल उघडली. मोर आला. पिसारा मोठा करून एकेका पिसावरून बाण फिरवत गेली. आम्ही तिघं मागे उभे, माझ्या पाठीवरून टॉवेलचं पाणी खाली चाललेलं.

"शे," ती म्हणाली. "समदा शे."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

दुसऱ्यांदा काम लावायच्या आधी सूनबाईने घरातले सगळे फोन मागून घेतले आणि सगळ्यांत मोर भरला. मी माझा गुपचूप काढून दिला. या वेळी बायको दारात राखणीला बसली आणि मला बाहेर अंगणात धाडलं. आता कॉम्प्युटर चालू केला की दोन नावं येतात, जिची पाळी असेल ती आपलं दाबते.

परवा पाहुण्यांना दाखवावा म्हणून मी फोनमधला मोर उघडायला गेलो. उघडेना. सूनबाई म्हणाली, "आबा, तो उघडाना नही, नुस्ता सांभायाना. आनि फोन बदलशात तं आधी माले सांगज्यात."

म्हणजे मोर उघडायचा नाही, नुसता सांभाळायचा, आणि फोन बदलायच्या आधी तिला सांगायचं. फोन हल्ली मधेच बंद पडतो, पलीकडच्याला माझं बोलणं ऐकू जात नाही. पण नवीन घ्यायचा विषय काढायची माझी हिंमत होत नाही.